पाय दुखतायत ते गोळीने की बैठकांनी?

८ जानेवारी २०२४, सोमवार. त्या दिवशी सकाळी मी चाळीस मिनिटं भरभर चालून आले, घरी येऊन वीस बैठका काढल्या आणि रात्री झोपताना ॲटॉर्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाची २० मिलिग्रॅमची पहिली गोळी घेतली. पुढे वर्षभर जो घोळ झाला त्याचं मूळ या एका तारखेत आहे. दोन्ही गोष्टी करायच्याच होत्या. एकाच दिवशी सुरू करायला नको होत्या, एवढंच. तेव्हा हे कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

माझं वय तेव्हा ५३. काम दिवसभर खुर्चीत बसून हिशेब तपासण्याचं. डिसेंबरच्या शेवटी केलेल्या रक्ततपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २६२, एलडीएल (वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल) १७८, एचडीएल (चांगलं म्हणतात ते) ५१ आणि ट्रायग्लिसराइड १६५ आलं. वडिलांना चोपन्नाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता, त्यामुळे डॉक्टरांनी फार चर्चा न करता स्टॅटिन गटातली गोळी लिहून दिली. ही औषधं यकृतातल्या एका एन्झाइमला अडवतात, त्यामुळे तिथे कोलेस्टेरॉल कमी तयार होतं आणि यकृत रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घ्यायला लागतं. मी दाराशी पोचले तेव्हा मागून त्या म्हणाल्या, "आणि व्यायाम हवाच बरं का. आठवड्याला दीडशे मिनिटं तरी." जागतिक आरोग्य संघटनेचाही आकडा हाच आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. मी आज्ञाधारक माणूस. दहा वर्षांत धड दोन किलोमीटर सलग न चाललेली बाई सोमवारपासून एकदम खेळाडू झाली.

पहिल्या आठवड्यात अंग आंबून गेलं, ते अपेक्षितच होतं. दुसऱ्या आठवड्यात बरं वाटलं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, २९ जानेवारीच्या सुमारास, मांड्या जड झाल्या. दोन्ही, आणि अगदी सारख्या. कळ म्हणावी अशी नव्हती. ओली चादर गुंडाळून ठेवल्यासारखं वाटायचं. रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले. १२ फेब्रुवारीला जिना उतरताना मी कठडा धरला आणि मागून येणाऱ्या शेजारणीला "तुम्ही व्हा पुढे" म्हणाले. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या आहेत.

आता सल्ले सुरू झाले. निम्मे लोक म्हणाले, "गोळी सोड, ही औषधं स्नायू खातात." उरलेले म्हणाले, "या वयात बैठका कोण काढतं? व्यायाम सोड." दोन्ही चालू ठेव असं सांगणारं कुणी भेटलं नाही. मी त्या दिवसांत गोळीच्या खोक्यातला कागद तीनदा वाचला आणि त्यात लिहिलेलं सगळं मला होऊ लागलं, हेही कबूल करते.

१६ फेब्रुवारीला दवाखान्यात फोन केला. भेट मिळाली २६ तारखेची, म्हणजे दहा दिवसांनी. पण फोन घेणाऱ्या नर्सने चार प्रश्न विचारले, आणि ते प्रत्येकाने पाठ करून ठेवावेत असे आहेत. लघवीचा रंग काळपट, कोलासारखा झालाय का? ताप आहे का? हात डोक्यावर नेता येतात का? खुर्चीतून उठता येतं का, की पायात जोरच नाही? माझ्या पायांत दुखणं होतं, अशक्तपणा नव्हता. कण्हत का होईना, उठत होते. ती म्हणाली, "यातलं काहीही झालं तर भेटीची वाट बघायची नाही. गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी यायचं." असं क्वचितच होतं. पण स्नायू मोठ्या प्रमाणावर झिजले की त्यांतली द्रव्यं मूत्रपिंडाला इजा करतात, म्हणून घाई.

आता माझा मूर्खपणा सांगते. भेटीच्या आदल्या दिवशी, रविवारी २५ तारखेला, मला वाटलं की डॉक्टरांसमोर दुखणं नीट दिसलं पाहिजे. नाहीतर दवाखान्यात गेलं की बरं वाटतं, हा तर नियमच आहे. म्हणून मी साठ बैठका काढल्या. साठ! दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वाकडी चालतच शिरले. डॉक्टरांनी मांड्या दाबून पाहिल्या, उठायला-बसायला लावलं आणि रक्ताच्या पाच तपासण्या लिहून दिल्या: सीके (स्नायूंची इजा कळते ती), टीएसएच (थायरॉइडची), ड जीवनसत्त्व, यकृत आणि मूत्रपिंड.

२७ तारखेला सकाळी उपाशीपोटी प्रयोगशाळेत पोचले. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "सीके आमच्याकडे होत नाही." मी परत फिरणार तेवढ्यात मागच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "अरे, सीपीके म्हणजे तेच ते." क्रिएटिन कायनेज नावाच्या एन्झाइमची ही तपासणी दोन्ही नावांनी चालते. कुणी नाही म्हणालं तर दुसरं नाव सांगून बघा. आणि या तपासण्यांसाठी उपाशी राहायची गरज नव्हती, हेही त्या बाईंनीच सांगितलं. मी चक्कर येईपर्यंत रांगेत उभी राहिल्यावर.

२८ ला अहवाल आला. सीके ६८४. शेजारी त्या प्रयोगशाळेची स्त्रियांसाठीची कमाल मर्यादा, १७०. आकडा लाल आणि ठळक. त्या संध्याकाळी मी फोनवर काय काय वाचलं ते सांगत नाही. रात्री डॉक्टरांचा फोन लागला. अहवाल ऐकल्यावर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शनिवार-रविवारी काय केलं होतंत?"

"बैठका."

"किती?"

मी सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

हे एन्झाइम स्नायूंच्या आत असतं. स्नायूंना इजा झाली की ते रक्तात झिरपतं, आणि सवय नसलेला जोरकस व्यायाम हीसुद्धा एक प्रकारची छोटी इजाच असते. त्यानंतर एक ते चार दिवस आकडा वर राहू शकतो, कधी त्याहून जास्त. दंडात किंवा कमरेत घेतलेल्या इंजेक्शननेही तो वाढतो. मर्यादेच्या दहापट झाला की डॉक्टर गंभीरपणे घेतात. माझा चौपट होता आणि मागे साठ बैठका होत्या. तरी खबरदारी म्हणून गोळी बंद, व्यायामही बंद, आठवड्याने पुन्हा तपासणी. ६ मार्चला सीके १३८ आलं. म्हणजे एकच तपासणी दोनदा, पैसेही दोनदा, आणि मधला आठवडा धास्तीत. तुम्हाला ही तपासणी सांगितली तर आधीचा आठवडाभर फक्त साधं चाला. आणि काही जड केलंच असेल तर रक्त देण्याआधी सांगा.

बाकी अहवालांचं थोडक्यात. थायरॉइड ठीक निघालं. ते बघतात कारण थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉलही वाढतं आणि स्नायूही दुखतात, आणि मग बिचाऱ्या गोळीवर आळ येतो. ड जीवनसत्त्व १४, कमी. ते भरून काढलं. त्याने पायांत काही फरक पडल्याचं मला जाणवलं नाही.

२० मार्चपर्यंत पाय पूर्ण मोकळे झाले. मी पेढे वाटायच्या बेतात असल्यासारखी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझ्या उत्साहावर पाणी ओतलं. "गावात चोऱ्या होत होत्या, दोघांवर संशय होता, आपण दोघांनाही गावाबाहेर काढलं. चोऱ्या थांबल्या. चोर कोण ते कळलं का?"

नव्हतं कळलं. म्हणून ठरलं की दोघांना एकेक करून परत आणायचं.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते. मला आधी झटका आलेला नाही, स्टेंट नाही, मधुमेह नाही. त्यामुळे काही आठवडे गोळीविना काढायला डॉक्टर तयार झाल्या. ज्यांच्या रक्तवाहिन्यांचं दुखणं आधीच उघड झालंय त्यांनी हा प्रयोग मनाने करू नये. त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरा रस्ता काढतात.

२५ मार्चपासून चार आठवडे फक्त व्यायाम, गोळी नाही. या वेळी फिजिओथेरपिस्टकडे गेले, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणातला सर्वांत उपयोगी तास तोच. त्यांनी माझा जानेवारीचा कार्यक्रम ऐकला आणि विचारलं, "तुम्ही जिना चढताना जास्त दमता की उतरताना जास्त दुखतं?" उतरताना, अर्थात. मग त्यांनी खुलासा केला. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू शरीराचं वजन सावरत लांबत जातो, ब्रेक लावत उतरणाऱ्या गाडीसारखा. व्यायामानंतर अंग दुखतं ते मुख्यतः या लांबत जाणाऱ्या कामाने. बैठकीतला खाली जाण्याचा भाग, उतारावरून चालणं, वजन हळूहळू खाली ठेवणं, सगळं त्यातच आलं. आणि मी तर सुरुवातच तिथून केली होती.

म्हणून जिने चढायचे पायांनी आणि उतरायचे लिफ्टने. लोक हसतात. हसू देत. जागच्या जागी चालवायची सायकल हा दुसरा सोपा पर्याय, कारण पेडल मारताना स्नायूंना असा ब्रेक फारसा लावावा लागत नाही. बैठकांऐवजी उंच खुर्चीतून उठणं-बसणं: आठ वेळा, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा आठ वेळा. बस्स. ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदाच, मध्ये किमान दोन दिवस सोडून. चालणं दहा मिनिटांपासून. त्यात पहिली तीन-चार मिनिटं रमतगमत. वेग किती ठेवायचा? बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. आठवड्याला एकच गोष्ट वाढवायची, मिनिटं किंवा वजन किंवा वेग. आणि वाढवल्यावर दोन दिवस थांबून पाय काय म्हणतात ते ऐकायचं. पहिल्या आठवड्यात मला हे लहान मुलांचं खेळणं वाटलं. चौथ्या आठवड्यात मी पंचवीस मिनिटं सपाट रस्त्यावर चालत होते आणि खुर्चीतून हात न टेकता उठत होते.

वही ठेवायचं त्यांनीच सुचवलं. हिशेबाची सवय असल्यामुळे मी रकाने आखले: तारीख, व्यायाम, सकाळचं दुखणं शून्य ते दहा, रात्रीचं दुखणं, नेमकं कुठे, झोप, शेरा. महिनाभरात त्यातून एक चित्र दिसलं. व्यायामाचं दुखणं दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी टिपेला जायचं, ज्या स्नायूने काम केलं तिथेच असायचं, दाबलं की जाणवायचं, दहा मिनिटं चाललं की कमी व्हायचं आणि चार-पाच दिवसांत विरून जायचं. जानेवारीतलं ते ओल्या चादरीसारखं दुखणं असं नव्हतं. ते दोन्ही मांड्यांत सारखं, विश्रांतीच्या दिवशीही तेवढंच, हालचालीनेही न हटणारं. त्या चार आठवड्यांत रात्रीच्या आकड्याची सरासरी २ च्या आसपास राहिली.

२२ एप्रिलला गोळी परत सुरू केली, या वेळी १० मिलिग्रॅम, व्यायाम तोच ठेवून. रात्री नऊला गोळी घेतली. रात्री अकराला वहीत दुखण्याचा आकडा लिहिला: ४.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आकडा बघून मीच चमकले. आदल्या पाच रात्री २, २, १, २, १. व्यायामात काही बदल नाही. स्टॅटिनचं दुखणं सहसा काही आठवड्यांनी सुरू होतं. दोन तासांत गोळी मांडीपर्यंत पोचून तिथे एवढा दंगा करेल हे शक्य नव्हतं. पण मला दुखलं होतं, हे खरं. मी खोटं लिहिलं नव्हतं.

पुढच्या भेटीत मी हे जरा खजील होऊनच सांगितलं. डॉक्टरांनी मला २०२० साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. त्याचं नाव सॅमसन. त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडून दिलेली साठ माणसं त्यांनी घेतली. प्रत्येकाला वर्षभरासाठी बाटल्या दिल्या: चार महिन्यांच्या बाटल्यांत खरी गोळी, चार महिन्यांच्या बाटल्यांत औषध नसलेली हुबेहूब गोळी आणि चार महिने रिकाम्या बाटल्या. गोळीच्या महिन्यांत खरी कोणती आणि खोटी कोणती हे त्यांना माहीत नव्हतं. रोज त्रास किती, ते शून्य ते शंभरमध्ये नोंदवायचं. रिकाम्या बाटल्यांच्या महिन्यांत सरासरी आली ८. खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३. आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४.

मला राग आला. "म्हणजे माझं दुखणं मनाचे खेळ?"

"दुखणं खरंच आहे," त्या म्हणाल्या. "त्या लोकांचंही खरं होतं. गोळी गिळण्याच्या धास्तीने दुखतं की गोळीतल्या औषधाने दुखतं, एवढाच प्रश्न आहे. आणि तुमच्या बाबतीत थोडं हे, थोडं ते असू शकतं."

घरी येऊन मी आणखी शोधलं. २०२२ मध्ये ऑक्सफर्डशी निगडित गटाने १९ मोठ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, सव्वा लाखाच्या जवळपास माणसं. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्क्यांना स्नायूंचा त्रास झाला होता, औषधाविना गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्क्यांना. वाढ दिसली ती मुख्यतः पहिल्या वर्षात. उलट बाजूने, २०१३ च्या स्टॉम्प नावाच्या चाचणीत ४२० निरोगी माणसांना सहा महिने ॲटॉर्व्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम किंवा नकली गोळी दिली, तेव्हा औषधवाल्यांपैकी ९.४ टक्क्यांना स्नायुदुखी झाली आणि दुसऱ्या गटात ४.६ टक्क्यांना. पण मोजल्यावर दोन्ही गटांच्या स्नायूंच्या ताकदीत फरक नव्हता. म्हणजे गोळीने दुखणारे असतातच, पण गोळीवर आळ घेणाऱ्यांच्या मानाने पुष्कळ कमी. मी कोणत्या रांगेत, ते वहीच सांगणार होती.

मे महिन्याच्या सुरुवातीला घसा धरला. दुसऱ्या एका डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहायला घेतलं. मी चालू औषधांची यादी पुढे केली, तेव्हा त्यांनी ते खोडून दुसरं दिलं. या प्रतिजैविकामुळे शरीरातलं ॲटॉर्व्हास्टॅटिनचं प्रमाण वाढतं आणि स्नायूंना धोका होतो. बुरशीवरची काही औषधंही असंच करतात. यादी पाकिटात ठेवायची सवय मला तेव्हा लागली. ते चार दिवस मी वहीत चौकट करून वगळले, कारण तापात सगळंच अंग दुखतं.

वगळूनसुद्धा मे च्या मध्यावर रात्रीची सरासरी साडेचारपर्यंत गेली होती. दोन्ही मांड्या, सारख्या. विश्रांतीच्या दिवशीही. ओली चादर परत आली होती. २० मेला गोळी थांबवली, व्यायाम एक मिनिटही कमी केला नाही. १० जूनपर्यंत आकडे १ आणि २ वर आले.

हा काही शास्त्रीय पुरावा नाही. मी काय गिळतेय ते मला माहीत होतं, आणि पहिल्याच रात्रीच्या त्या ४ ने माझी साक्ष जरा कच्ची केलीच आहे. तरी डॉक्टरांचं आणि माझं एकमत झालं: व्यायाम निर्दोष, ॲटॉर्व्हास्टॅटिन थोडं दोषी, धास्ती थोडी दोषी.

१० जूनलाच रोझुव्हास्टॅटिन हे दुसरं स्टॅटिन सुरू झालं, ५ मिलिग्रॅम, आठवड्यातून फक्त दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी. इतकं कमी घेऊन काय होणार, असं मला वाटलं. यावर डॉक्टरांचं उत्तर असं: स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएलमध्ये साधारण सहा टक्क्यांचीच जास्तीची घट होते. बहुतेक काम पहिला छोटा डोसच करतो. शिवाय रोझुव्हास्टॅटिन अंगात रेंगाळतं, त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण १९ तास लागतात, म्हणून ते एकाआड एक दिवस देऊनही चालून जातं. चार आठवडे वहीत काही गडबड दिसली नाही, म्हणून ८ जुलैपासून दिवसाआड.

धास्तीवर एक बारीक उपाय मी स्वतः केला. दुखण्याचा आकडा गोळी घेण्याआधी लिहायचा आणि कोणत्या रात्री गोळी होती ते वहीत लिहायचंच नाही. ती नोंद वेगळ्या कागदावर नवऱ्याकडे. महिन्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले. गोळीची रात्र आणि बिनगोळीची रात्र यांत काही ताळमेळ नव्हता. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

२ सप्टेंबरला एलडीएल ११८. सुधारणा होती, पण डॉक्टरांना माझ्यासाठी शंभरच्या आत हवं होतं. स्टॅटिन वाढवण्याऐवजी त्यांनी एझेटिमाइब १० मिलिग्रॅम जोडलं. ते आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करतं आणि त्याने एलडीएल आणखी पंधरा-वीस टक्क्यांनी उतरतं. २ डिसेंबरला ९३. हेही जमलं नसतं तर इंजेक्शनचे पर्याय होते, काही तर वर्षातून दोनदाच घ्यायचे. तिथपर्यंत जावं लागलं नाही.

मधल्या काळात माझी आणखी एक शंका होती: गोळी घेऊन केलेला व्यायाम वाया जातो का? २०१३ मध्ये ३७ जणांच्या एका छोट्या अभ्यासात असं दिसलं होतं की बारा आठवडे नुसता व्यायाम करणाऱ्यांचा दम १० टक्क्यांनी वाढला आणि सोबत सिम्व्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचा जेमतेम दीड टक्का. हे वाचून मी दोन दिवस खट्टू होते. फिजिओथेरपिस्ट म्हणाले, "आधी तीन महिने करून तर बघा. स्वतःचं मोजा." मग त्यांनी २०२३ मध्ये नेदरलँड्समधून आलेल्या अभ्यासाची गोष्ट सांगितली. तिथे लोकांनी सलग चार दिवस रोज ३०, ४० किंवा ५० किलोमीटर चालून दाखवलं. त्यात स्टॅटिनने दुखणारे होते, स्टॅटिन घेऊन न दुखणारे होते आणि स्टॅटिन न घेणारेही होते. दुखणाऱ्यांचे स्नायू आधीपासून जास्त दुखत होते, पण चालण्याने त्यांच्या स्नायूंना इतरांपेक्षा जास्त इजा झाली नाही. मला रोज तीस किलोमीटर चालायचं नव्हतं. तीन पुरे होते.

मोजलं ते असं: तेच तीन किलोमीटर जुलैत ४१ मिनिटांत, डिसेंबरात ३४ मिनिटांत. खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं, तर ९ वरून १५.

आता आठवडा असा जातो. चार दिवस पस्तीस-चाळीस मिनिटं चालणं, एक दिवस सायकल, मंगळवार आणि शनिवार ताकदीचे व्यायाम. ऑक्टोबरपासून बैठका परत आल्यात, दहाच, आणि खाली खुर्ची ठेवून. जिना हल्ली उतरतेही, एका मजल्यापासून सुरुवात करून. अधूनमधून रात्री पोटरीत गोळा येतो. कोएन्झाइम क्यू-१० घेऊन बघ असं तिघांनी सुचवलं. त्याच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून डॉक्टरांनी ना हो म्हटलं ना नाही, आणि मी घेतलं नाही. एका वेळी एकच बदल, हे आता अंगवळणी पडलंय.

ज्यांना हे सगळं करायचंय त्यांच्यासाठी एक कागदी सूचना. सगळे अहवाल तारखेने एका फाइलीत लावा आणि पहिल्या पानावर कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कधीपासून कधीपर्यंत, कशामुळे थांबवली एवढं चार ओळींत लिहा. सप्टेंबरात माझ्या डॉक्टर रजेवर होत्या. त्यांच्या जागी आलेल्यांनी फाइल न उघडताच "स्टॅटिन सोसत नाही" असा शेरा मारला आणि गोळी बंद करायला निघाले. पहिलं पान पुढे सरकवलं, त्यांनी ते वाचलं आणि शेरा बदलून "ॲटॉर्व्हास्टॅटिन सोसत नाही, रोझुव्हास्टॅटिन कमी डोसमध्ये चालते" असा लिहिला. या दोन वाक्यांतल्या फरकाला मला आठ महिने लागले होते.

पुढची तपासणी जूनमध्ये आहे. वही चालू आहे, पण आता रोज नाही, आठवड्यातून एकदा. शेवटची नोंद परवाची: चालणं ३८ मिनिटं. दुखणं २. जागा, डावी पोटरी, फक्त डावी. शेऱ्याच्या रकान्यात: नवे बूट.